खोलीत स्टूल नव्हतं

आमच्या गिरणीत दळण टाकून थांबणाऱ्यांसाठी एक निळं प्लॅस्टिकचं स्टूल ठेवलेलं आहे. धर्मसिंग त्यावर कधी बसत नाही. गर्दी असो नसो, तो पायरीवर टेकतो, उजवा हात मांडीवर उताणा ठेवतो आणि डाव्या हातानं त्याची बोटं एकेक करून वळवत राहतो. नांदेडच्या डॉक्टरांनी शिकवलेला व्यायाम आहे तो. एखादं नवखं माणूस म्हणतं, "अहो, वर बसा की, स्टूल मोकळंच आहे." पूर्वी मग रांगेतलं कुणीतरी फिसकन हसायचं. आमच्या हिंगोलीकडच्या गोरेगावात आणि त्याच्या तांड्यावर धर्मसिंगला आता 'स्टूलवाला' म्हणतात.

हे नाव त्याला कसं पडलं ते आधी मला त्याच्या बायकोनं, मिनानं, तुकड्यातुकड्यानं सांगितलं, आणि पुढं त्यानं स्वतः. गिरणी आमच्या घराला लागूनच आहे. लाइट गेली की दळणवाले ओसरीत येऊन बसतात, चहा होतो, आणि माणसं पोटातलं बोलायला लागतात.

धर्मसिंग साखरा गावाच्या अलीकडच्या बंजारा तांड्यावरचा. घरी आई भिकाबाई, बायको, दोन पोरी. हाताचा मोठा हुन्नरी. हिंगोलीत इमारतींच्या परांच्या बांधायचा. बांबूला दोरीचा असा वेढा टाकायचा की मिस्त्री लोक त्याच्या परांचीवर डोळे झाकून चढायचे. आणि होळी आली की डफ! तांड्यावरच्या लेंगीच्या गाण्यांना त्याच्याशिवाय रंग चढत नसे. वारा इकडचा असला तर आमच्या गच्चीवर ऐकू यायचा त्याचा डफ, आणि आमचे हे म्हणायचे, "लागला बघ धर्मसिंग."

तांड्यावर नाईकाचा मान असतो, हे इकडं सगळ्यांना माहीत आहे. त्यांचे नाईक भीमसिंग. सेनगावला तहसीलमध्ये सगळा तांडा गेला तरी साहेबासमोर बोलणार एकटे नाईक. बाकीचे मागं उभे. नाईकाच्या घरचं माणूस बोलत असताना मधे तोंड घालायचं नाही, ही तिथली रीत. एकदा धर्मसिंगला ताप आला होता. गोरेगावच्या डॉक्टरांकडं मी माझ्या कामासाठी बसले होते. नाईकच डॉक्टरांना सांगत होते, कुठं दुखतं, रात्री किती वेळा उठला, काय खाल्लं. डॉक्टर वैतागून म्हणाले, "नाईक, ताप तुम्हाला आलाय का याला?" सगळे हसले. धर्मसिंगही हसला. नाईकांनी स्वतःच्या खांद्यावरचं उपरणं काढून त्याच्या अंगावर टाकलं. त्या रीतीत माया होती, हे मला सांगितलंच पाहिजे. ती नसती तर पुढचं काही घडलंच नसतं.

नाईकांचा मुलगा रणजीत. हिंगोलीला आयटीआय करून आखातात गेला आणि तिथं फोरमन झाला. गावात सगळ्या आखाताला दुबईच म्हणतात, पण तो होता मस्कतच्या पुढं, वाळवंटातल्या एका कॅम्पावर. सुट्टीवर आला तेव्हा धर्मसिंगच्या घरी जाऊन बसला. "काकी, ह्याच्या हाताला तिकडं लई किंमत हाय. लेकरू माझ्या भरवशावर द्या." भिकाबाईला ते पुरलं. नाईकाचा मुलगा स्वतः उंबऱ्यात येऊन मागतो म्हटल्यावर ती नाही कशी म्हणणार? धर्मसिंग गेला.

तिकडं बांबू नव्हते, लोखंडी पाइप होते. तेही त्यानं पटकन हातात घेतले. कामाचं त्याला काही जड गेलं नाही. एके दिवशी दुपारी वरची एक फळी सरकवायची होती. कमरेला बांधायचे पट्टे स्टोअरमध्ये, स्टोअरला कुलूप, आणि किल्लीवाला नमाजाला गेलेला. रणजीत खालून म्हणाला, "चढ रे, जरा वेळाचं काम हाय." धर्मसिंग चढला. फळी निसटली. तो पडला तो उजव्या हातावर.

कॅम्पाची ॲम्ब्युलन्स होती. रणजीतनं ती बोलावली नाही, स्वतःच्या गाडीत घातलं. रस्त्यात म्हणाला, "हे बघ, इथं परका मुलूख हाय. एक शब्द इकडचा तिकडं झाला तर लफडं होतंय. तू तोंड उघडू नको, बोलायचं मी बघतो."

"त्यात मला काय वावगं वाटणार, वहिनी?" धर्मसिंग मला म्हणाला. "आमच्याकडं तसंच असतंय की."

दवाखान्याची दारं आपोआप उघडत होती. आत गारठा. मनगटावर नावाची पट्टी बांधली, नंबराची चिठ्ठी दिली. कुठल्या खिडकीवर जायचं, कुणाच्या मागं उभं राहायचं, काही कळत नव्हतं. पडद्यावर नंबर बदलत होते आणि बाई अरबीत काहीतरी पुकारत होती. डॉक्टर मिसर देशाचा, म्हणजे इजिप्तचा. रणजीत त्याच्याशी अर्ध्या अरबीत, अर्ध्या इंग्रजीत बोलला. डॉक्टरनं मधेच धर्मसिंगकडं वळून काहीतरी विचारलं. रणजीत म्हणाला, "येस म्हण." धर्मसिंग म्हणाला, "येस." डॉक्टरनं पुन्हा विचारलं. पुन्हा येस.

हाताला प्लास्टर घालून सोडून दिलं.

बोटं सुजलेलीच राहिली. प्लास्टरच्या आत काहीतरी तिरकं बसल्यासारखं ठणकायचं. त्याच कॅम्पावरच्या एका नेपाळी माणसाचा पाय साइटवर मोडला होता, तर त्याला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेऊन, ऑपरेशन करून आत धातूची पट्टी बसवली होती. धर्मसिंगनं रणजीतला विचारलं, "दादा, माझं तसं काहून न्हाई?" रणजीत म्हणाला, "त्याचं हाड येगळं, तुझं येगळं."

प्लास्टर दाखवायला परत जायचं होतं तेव्हा रणजीतला साइटवरून निघता आलं नाही. ड्रायव्हरनं धर्मसिंगला दारात उतरवलं आणि तो निघून गेला. हा आधी औषधाच्या खिडकीवर जाऊन उभा राहिला. तिथून वरच्या मजल्यावर पाठवलं, वरून पुन्हा खाली. शेवटी केरळच्या एका सिस्टरनं त्याच्या मनगटावरची पट्टी वाचून त्याला बाजूला घेतलं. तिला हिंदी येत होती. हात बघता बघता तिनं सहज विचारलं, "रूम में स्टूल से गिरे थे ना? पी के चढ़े थे?"

"कौनसा स्टूल?" धर्मसिंग म्हणाला.

हे मला सांगताना तो हसला होता. "मला आधी हसूच आलं, वहिनी. आमच्या खोलीत खाटंवर खाट, तिच्यावर आणखी एक खाट. माणसाला कपडे बदलायचे तर दुसऱ्यानं भायेर जावं लागायचं. स्टूल ठेवणार कुठं? आन म्या म्हणं पेलो होतो! मी होळीला एक घोट घेतो तर मिना आठ दिस बोलत न्हाई."

त्यानं सिस्टरला सांगितलं की तो साइटवर पडला. सिस्टर हातातलं काम सोडून त्याच्यासमोर बसली. तिनं सगळं नीट समजावलं. कामावर लागलं तर सगळा इलाज कंपनीच्या अंगावर, ऑपरेशनसकट. खोलीत पिऊन पडलं तर विम्याच्या कार्डावर बसेल तेवढंच, म्हणजे प्लास्टर आणि गोळ्या. हाड तिरकं बसायला लागलंय, आता उशीर केला तर मूठ वळणार नाही. मग ती उठली. "डॉक्टर अभी अंदर हैं. चलिए, आप बोलिए, मैं समझा दूँगी."

आणि धर्मसिंग म्हणाला, "मैं रणजीतदादा से पूछ के आता हूँ."

सिस्टर त्याच्याकडं बघतच राहिली. "हाथ आपका है या रणजीतदादा का?"

मिनानं हे मला सांगितलं तेव्हा डोक्यावरचा पिठाचा डबा तिनं खाली आपटला होता. "दाराच्या आड डॉक्टर बसलेला, वहिनी! भाषा समजून सांगणारी बाई शेजारी उभी! आन ह्यो म्हणतोय इचारून येतो. पाणी प्यायला बी दादाला इचारतो का म्हणावं!" आणि मग, डब्याचं झाकण उगाच दाबून बसवत, हळू आवाजात, "त्या बाईला दया आली. परकी असून."

मी धर्मसिंगला विचारलं होतं, तेव्हा का नाही बोललास? तो बोटं वळवायचा थांबला. मग म्हणाला, "दादानं कायतरी कारणानंच तसं सांगितलं असंल, असं वाटलं. त्याच्या माघारी मी बोललो असतो तर तो खोटा पडला असता, परक्या लोकांत. नाईकाच्या घरचा माणूस. म्हणलं, तोच येऊन दुरुस्त करंल."

कॅम्पावर परतून धर्मसिंगनं स्टुलाचं विचारलं, तसं रणजीतनं खोलीचं दार लावलं आणि तो रडला. खरंच रडला, धर्मसिंग सांगतो. "पट्टा न देता तुला मीच चढवलं धर्म्या. हे भायेर आलं तर माझी नोकरी जाईल, वर आतमधी टाकतील ते येगळं. तू दोन दिस थांब. मी सोता येतो आन डॉक्टरला सांगतो." मग त्यानं आपल्या हातानं चहा केला. धर्मसिंगचा उजवा हात गळ्यात, म्हणून रणजीतनं चहात पाव बुडवून त्याला घास भरवला. नाईकाच्या मुलानं भरवलेला घास! धर्मसिंगला वाटलं, याच्यावर संशय घेतला हेच पाप झालं.

रणजीत दवाखान्यात गेला नाही. तो धर्मसिंगचा पासपोर्ट आणि तिकीट घेऊन आला. म्हणाला, "गावाकडं इलाज चांगला होतोय, आपली माणसं असतात. कंपनी सगळं बघणार हाय. मी बोललोय." विमानतळावर त्यानं धर्मसिंगची बॅग स्वतः उचलली. विमानात बसेपर्यंत धर्मसिंगच्या मनात त्याच्याबद्दल चांगलंच होतं.

गोरेगावच्या जीपस्टँडवर भिकाबाई त्याला घ्यायला आली होती. त्याच्या गळ्यातला हात बघून तिनं कपाळाला हात लावला, आणि पहिलं वाक्य बोलली ते, "दारू काहून पेलास रे?"

रणजीतचा फोन त्याच्या आधी पोचला होता. पोरगं पिऊन स्टुलावरून पडलं, तिकडं दारूला जेल असते, मी हातापाया पडून सोडवलं आणि घरी पाठवलं. तांड्यावर घराघरात हेच. धर्मसिंग सांगायला लागला की लोक मान हलवायचे, आणि तो उठून गेला की हसायचे. "खोलीत स्टूलच नव्हतं," तो कळवळून म्हणायचा, आणि त्या वाक्यावरच जास्त हसू यायचं. त्यातूनच ते नाव पडलं. आईचंही मन वळेना. "रणजीत काहून खोटं बोलंल?" म्हणायची. "त्याला काय गरज पडली?" माझ्यासमोर म्हणाली आहे ती. तिच्या डोळ्यांत मुलाबद्दल राग नव्हता. लाज होती, आणि धर्मसिंगला ती लाज ठणक्यापेक्षा जास्त झोंबायची.

हिंगोलीच्या सरकारी दवाखान्यातून नांदेडला पाठवलं. तिथल्या डॉक्टरनं फोटो उजेडावर धरला. हाड जुळलं होतं, पण चुकीचं. पुन्हा तोडून बसवावं लागलं. "हे तिकडंच, सुरुवातीलाच केलं असतं तर..." डॉक्टर म्हणाले. आता बोटं हलतात, पण मूठ वळत नाही. दोरीचा वेढा बसत नाही. डफ डाव्या हातानं धरता येतो, पण त्यावर थाप मारायला उजवाच लागतो.

कंपनीकडून कुणी विचारलंही नाही. धर्मसिंगनं त्याची आशा लवकरच सोडली. रणजीतला फोन केला तेव्हा त्यानं एकच मागितलं. "दादा, हात गेला तर गेला. तू फकस्त याडीला एकदा तुझ्या तोंडानं सांग, म्या पेलो नव्हतो, मी साइटवर पडलो." याडी म्हणजे आई. रणजीत म्हणाला, "फोनवर असल्या गोष्टी होत नसतात. होळीला येतो. समोरासमोर सांगतो."

धर्मसिंग होळीची वाट बघायला लागला. आधीही बघायचा, पण वेगळ्या कारणानं.

होळी तोंडावर आली तशी रणजीत आला. दुसऱ्याच दिवशी, भर दुपारी, आमच्या गिरणीसमोर त्याची भाड्याची गाडी थांबली. लाइट नुकतीच गेली होती. ओसरीत भिकाबाई ज्वारीच्या टोपल्याशेजारी बसलेली, धर्मसिंग पायरीवर, आणखी तीन-चार दळणवाले. गाडीतून आधी भीमसिंग नाईक उतरले, मग रणजीत. डोळ्यांवर चष्मा, अंगाला अत्तर, हातात खजुराचे डबे. भेटेल त्याला एकेक देत होता. एक त्यानं वाकून भिकाबाईच्या मांडीवर ठेवला. "काकी, तुमच्यासाठी मुद्दाम आणला." भिकाबाईनं त्याच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली.

मग त्याचं लक्ष पायरीकडं गेलं. "काय स्टूलवाले! खाली काहून बसलाव? बसा की वर!"

दळणवाले हसले. धर्मसिंग हसला नाही. मी चहाचे कप घेऊन दारात होते, तिथंच थांबले.

नाईक त्या निळ्या स्टुलावर बसले. म्हातारे झालेत आता. त्यांनी मायेनंच विचारलं, "धर्मसिंग, हात कसा हाय रे आता?"

"बरा हाय, बा," रणजीत म्हणाला. "मूठ बी वळंल हळूहळू. तिकडं मी चांगल्या डॉक्टरला—"

"दादा," धर्मसिंग म्हणाला. "बापूनं मला इचारलंय."

इतक्या हळू बोलला की रणजीतला आधी कळलंच नाही. पण नाईकांची मान वर आली. मला वाटतं, त्यांच्या घरच्या माणसाला कुणी असं मधेच थांबवलेलं त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं असेल.

"हात माझा हाय. मीच सांगतो." धर्मसिंगनं उजवा हात पुढं केला आणि मूठ वळवून दाखवली. बोटं अर्ध्यात येऊन थांबली. "एवढीच वळती, बापू. म्या पेलो नव्हतो. खोलीत पडलो नव्हतो. खोलीत स्टूल नव्हतं. दादानं पट्ट्याबिगर मला वर चढवलं, मी साइटवरून पडलो. दादानं डॉक्टरला खोटं सांगितलं, म्हणून माझं आपरेशन झालं न्हाई. दादा, तू समोरासमोर सांगतो म्हणला व्हतास. ही याडी बसलीय. सांग."

रणजीतनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "झालं गेलं ते कशाला काढून राहिला आता, चारचौघांत?"

"खोटं म्हणतोस का मी सांगितलं ते?"

"खोटं म्हणलो का मी? ...सणासुदीचं कशाला म्हणलो."

बस्स, इतकंच. याहून जास्त रणजीत बोलला नाही. पण ओसरीतल्या सगळ्यांनी ते ऐकलं.

नाईक आपल्या भाषेत, गोरमाटीत, धर्मसिंगला काहीतरी म्हणाले. आवाज खाली होता. आम्हा परक्यांना कळू नये म्हणूनच ते मराठी सोडून बोलले असणार. धर्मसिंगनं उत्तर मात्र मराठीत दिलं, सगळ्यांना कळेल असं. "न्हाई बापू. तांड्यावर बसून, होळी झाल्यावर, न्हाई. ज्या लोकांत मला नाव पडलं त्या लोकांतच."

नाईकांनी काठीची मूठ दोनदा फिरवली. मग मराठीतच म्हणाले, "तवाच काहून न्हाई बोललास? त्या डॉक्टरसमोर?"

"तुमचा पोरगा बोलत व्हता, बापू."

यावर नाईक काही बोलतील असं मला वाटलं होतं. त्यांनीच ज्याच्या अंगावर उपरणं टाकलं होतं, त्याला निदान एक शब्द. ते मुलाकडं बघत राहिले, मग उठले, आणि म्हणाले, "चला. ऊन होऊन राहिलं." रणजीतनं त्यांचा हात धरला. जाता जाता नाईकांनी धर्मसिंगकडं बघितलं नाही.

ते गाडीपर्यंत पोचले असतील तेव्हा भिकाबाई उठली. गुडघ्यांवर हात देत देत उठली. खजुराचा डबा तिनं पदरातून काढला आणि नाईक जिथून उठले होते त्या स्टुलावर ठेवला. पायरीवर मुलाच्या शेजारी जाऊन बसली, त्याचा उजवा हात आपल्या मांडीवर घेतला आणि बोटं एकेक करून वळवायला लागली. तिला तो व्यायाम माहीत नव्हता. उलटीकडून वळवत होती. धर्मसिंग म्हणाला, "याडी, आसं न्हाई, आसं," आणि तिला दाखवलं.

लाइट आली. गिरणी सुरू झाल्यावर कुणाचं बोलणं ऐकू येईना. त्यांची ज्वारी आधी दळून दिली, पीठ गरम गरम डब्यात भरलं. रांगेतल्या कुणी तक्रार केली नाही.

त्या होळीला वारा आमच्याच बाजूचा होता. गच्चीवर गेले तर तांड्याकडून डफ ऐकू आला, पण तो दुसऱ्या कुणाचा तरी. आमचे हे काही म्हणाले नाहीत. रणजीत सण संपल्यावर परत गेला, आणि तांड्यावरचे दोन नवीन पोरगे त्याच्याबरोबर गेले. त्यांच्या घरी धर्मसिंग जाऊन आला होता, असं मिना सांगते. त्यांच्या बापांनी चहा पाजला, ऐकून घेतलं, आणि म्हणाले, नाईकाच्या मुलाला आम्ही नाही कसं म्हणावं?

'स्टूलवाला' हे नाव काही सुटलेलं नाही. नावं तशी सुटत नसतात. आता ते घेताना गिरणीत हसत मात्र कुणी नाही.

खजुराचा तो डबा गिरणीच्या फळीवर ठेवला आहे. बरेच दिवस झाले. धर्मसिंग येतो, पायरीवर बसतो, कधीकधी त्याच्याकडं बघतो. नेतही नाही आणि फेका असंही म्हणत नाही. मीही अजून तो उघडलेला नाही.